टॉवेलाखालची बोटं

मे महिना लागला की कोल्हापुरात उन्हापेक्षा पाहुणे जास्त होतात. वर्षभर ज्यांचा पत्ता नसतो, त्या नातेवाइकांना एकाएकी आपली माया येते. "लई दिस झालं गाठ न्हाई, म्हणलं येऊन जावं," असा फोन आला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जाऊन उरलेली रजा बघते. मी माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमचे साहेब मे महिन्यात माझा अर्ज वाचतसुद्धा नाहीत. "पाहुणे का?" एवढंच विचारतात आणि सही करतात, कारण त्यांच्याही घरी तेव्हा माडीवर गाद्या अंथरलेल्या असतात.

मग तो फेरा सुरू होतो. मी म्हणते, पन्हाळ्याला जायचं तर ऊन चढायच्या आत जाऊ. सगळे "व्हय की, व्हय की" करतात आणि अकरा वाजता दुसरा चहा टाकतात. एकीला पायताणं घ्यायची असतात. ती दुकानांची सगळी ओळ पालथी घालते, प्रत्येक दुकानात पाय घालून बघते आणि शेवटी "आमच्याकडंबी मिळत्यात अशी" म्हणून बाहेर येते. एक दूरचे मामा दरवर्षी राजवाड्याच्या फाटकाशी थांबतात. आत तिकीट असतं हे कळलं की म्हणतात, "भायरनंच भारी दिसतंय." रंकाळ्यावर भेळ खाताना मात्र कुणालाही घाई नसते. रात्री पाय चेपत बसलेल्या मला कुणीतरी हमखास विचारतं, "आता उद्या काय दावणार?"

यंदा नेसरीहून मामी आली. सोबत तिची पूजा. पूजा हुशार आहे, पुढच्या शिक्षणाला परदेशी निघाली आहे, आणि जाण्याआधी लेकीला चार देव दाखवून आणावेत असं मामीनं ठरवलं होतं. मी जीप ठरवली. शहराशेजारच्या आमच्या गावी, गडमुडशिंगीला जाऊन माझ्या आईअप्पांनाही गाडीत घेतलं. मागच्या बाकावर मामी, तिच्या मांडीवर डबे, आणि जीप हायवेला लागायच्या आत मामी म्हणाली, "तुझं बरं हाय नंदा. आईबाला साता समुद्रापार नेऊन फिरवून आणलीस. आमचं नशीब कुठलं?"

मी आरशातून अप्पांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर कुणाची तरी बैलं बघत होते. आईनं पदर डोक्यावर घेतला. फिरवून आणलीस म्हणे. त्या फिरवण्याचं नाव काढलं की अजून माझं डोकं ठणकतं.

तोही असाच उन्हाळ्याचा हंगाम होता, फक्त तिथं उन्हाळा म्हणजे स्वेटर घालून कौतुकानं बघायची गोष्ट. मी इंग्लंडच्या उत्तरेकडं एका लहानशा गावात शिकत होते. मिठानं मारलेल्या जमिनी कशा सुधारायच्या, हा माझा विषय. एक वर्षाचं शिक्षण, असं घरी सांगून गेले होते. आईनं मला पाठवलंच होतं त्या एका वर्षाच्या बोलीवर. मी एकुलती एक. लेक परदेशी गेली की परकी होते, हे तिला भावकीतल्या प्रत्येक बाईनं येऊन सांगितलं होतं. तरी तिनं डबे भरून दिले आणि म्हणाली, "एक वरीस. त्याच्यावर मी ऐकणार न्हाई."

आणि ते वर्ष संपत आलं तेव्हा मला शिकवणाऱ्या बाईंनी पुढं संशोधनाला जागा देऊ केली. चार वर्षं लागतील, म्हणाल्या. मला ती जागा इतकी हवी होती की मी त्या आठवड्यात चालताना स्वतःशीच बोलत होते. पण आईला हे फोनवर कसं सांगायचं? गावी फोन शेजारच्या किराणा दुकानात, भोवती दहा माणसं, पलीकडून आईचं "हॅलो हॅलो" आणि मधे समुद्राची खरखर. मी ठरवलं, समोरासमोर सांगायचं. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून दोघांची तिकिटं काढली. इकडं या, दोन आठवडे राहा, मी राहते ती जागा बघा, माझी माणसं बघा. सगळं बघितलं की आईचं मन आपोआप वळेल, असा माझा बेत. शिकलेल्या माणसाचे बेत असेच असतात.

माझे अप्पा बैलांचे दलाल. वडगावचा बाजार असो की आणखी कुठला, कुणाचा बैल विकायचा असेल आणि कुणाला घ्यायचा असेल तर मधे अप्पा. धोतर, टोपी, खांद्यावर लाल काठाचा टॉवेल. विमानतळावर ते याच वेषात बाहेर आले. मागून आई, नऊवारीवर माझ्या चुलतभावाचा स्वेटर घातलेली. तिनं मला बघितलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलीस." मग सामानातून भाकरी निघाल्या, चटणीची बरणी निघाली, आणि माझ्या खोलीत शिरल्यापासून तासाभरात वरच्या मजल्यावरचा पोरगा शिंकत खाली आला.

पहिल्या दिवशी मी त्यांना किल्ला दाखवायला नेलं. जुना, पडका, हिरवळीत उभा असलेला. मी आदल्या दिवशी त्याचा सगळा इतिहास वाचून ठेवला होता. बुरुजापाशी उभी राहून सांगायला लागले, आणि बघते तर अप्पा नाहीत. आई म्हणाली, "तिकडं गेल्यात. जनावर दिसलं न्हवं का."

किल्ल्याच्या मागं कुरण होतं. कुंपणाला लागून गाई चरत होत्या, काळ्यापांढऱ्या, भरल्या अंगाच्या. अप्पा कुंपणावरून अर्धे आत वाकले होते. एका हातानं त्यांनी एका खोंडाचं नाक धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं त्याचा ओठ वर करून दात बघत होते. जनावराचं वय दातांवरून ठरवायचं, ही त्यांची जन्माची सवय. लांबून गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला शेतकरी तरातरा येत होता. मला वाटलं, आता पोलीस. अप्पांनी त्याच्याकडं बघून कपाळाला हात लावला.

"राम राम पावणं. दोन दाती हाय न्हवं?"

तो माणूस थबकला. मग माझ्याकडं बघायला लागला. मी तोंड लाल करून काय ते सांगितलं. त्याला राग यायच्या ऐवजी गंमत वाटली, हे माझं दुर्दैव, कारण मग अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. अप्पा विचारायचे, मी सांगायचं.

"इचार त्याला, ह्येला वशिंड कसं न्हाई? मग जू ठेवायचं कुठं?"

"अप्पा, इथं बैल औताला जुंपत नाहीत."

"मग करत्यात काय?"

मी शेतकऱ्याला काहीच विचारलं नाही. म्हणाले, "काही करत नाहीत. असेच असतात."

अप्पा त्या माणसाकडं बघत राहिले. मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "कामबी न्हाई आणि खायाला घालतोय. मोठ्या मनाचा माणूस म्हणायचा." परत येताना आई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "कापत्यात व्हय गं?" मी मान डोलावली. "ह्येंना सांगू नको," म्हणाली. किल्ला कुणीच बघितला नाही.

आईला फसवणं अवघड असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी काय सांगणार आहे हे ती विमानातून उतरली तेव्हाच ओळखून होती. आणि ते ऐकायचंच नाही, हेही ती तिथंच ठरवून आली होती. तिची रीत साधी होती. मी म्हणायची, "आई, बस जरा, बोलायचंय." ती म्हणायची, "बोलू की. आधी त्ये बघून येऊ."

"ते" म्हणजे काहीही. कारंजं, पूल, घड्याळाचा मनोरा, दुकानाच्या काचेतली बाहुली. जिनं कोल्हापुराशेजारी जन्म काढून पन्हाळा बघितला नव्हता, जी अंबाबाईलासुद्धा वर्षातून एकदा, तेही कुणी ओढून नेलं तर जायची, ती बाई तिथं पर्यटक झाली. संग्रहालयात जुन्या जात्यापुढं ती इतका वेळ उभी राहिली की पहारेकरी येऊन बघून गेला. "आमच्या घरी मोठं हाय ह्येच्यापरीस," असं तिनं मला त्याला सांगायला लावलं. चर्चमध्ये गेलो तर बाकावर बसून राहिली. मी म्हटलं, आता निवांत आहे, आता सांगावं. तोंड उघडलं तोच म्हणाली, "देवाच्या दारात घरच्या गोष्टी काढू नयेत." बाहेर आलो तर, "ती बघ नाव चाललीय, नावंत बसू." नावेत बसलो तर तिला मळमळायला लागलं. मळमळणाऱ्या बाईला कोण सांगणार, की मी चार वर्षं येत नाही म्हणून?

माझा जीव मेटाकुटीला आला. इकडं प्रबंधाचं काम पडलेलं, तिकडं बाईंचा निरोप की या आठवड्यात होकार कळव, आणि मी आपली बसचे पास घेऊन दोन म्हाताऱ्या माणसांना तळी दाखवत हिंडते आहे. एके दिवशी मी भर रस्त्यात ओरडले. म्हटलं, "तुम्ही इथं बघायला आलाय की मला छळायला?" आई शांतपणे म्हणाली, "वरडू नको, लोक बघत्यात." अप्पा म्हणाले, "पोरीला भूक लागलीया." आणि आम्ही फुटपाथवर बसून भाकरी खाल्ली.

आता इतक्या वर्षांनी, दर मे महिन्यात दुसऱ्यांना हिंडवताना, मला त्यातलं थोडंफार उमगतं. माणूस परगावी जाऊन देऊळ बघतो, तळं बघतो, ते काही नेहमी त्या देवळासाठी नसतं. घरी एकमेकांपुढं बसलं की जे बोलावं लागेल, ते पुढं ढकलायला एखादा कळस, एखादा बुरूज बरा पडतो. बघायचं शिल्लक आहे तोवर बोलायची वेळ येत नाही. हे समजलं म्हणून माझा वैताग कमी झाला असं मात्र नाही.

यंदा जीपमध्ये मामीचंही तेच चाललं होतं. पूजा काही बोलायला गेली की मामी म्हणायची, "ती बघ उसाची गाडी." उसाची गाडी! नेसरीच्या बाईला उसाची गाडी म्हणजे काय नवल आहे? पूजा माझ्याकडं बघून डोळे फिरवत होती. ती दोन वर्षांसाठी निघाली होती, आणि पुढं जमलं तर राहणार होती. हे "जमलं तर" आईला कसं सांगायचं, हाच तिचा घोर. मी तिला काय सांगणार? माझा सौदा मी केला नव्हता. तो अप्पांनी केला होता.

इंग्लंडहून त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी मी त्यांना समुद्रावर नेलं. अगदी शेवटचं स्थळ. आता दाखवायला काही उरलं नव्हतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. जून महिना होता, तरी वारा अंगाला झोंबत होता. किनाऱ्यावर एका बाकावर बसलो. अप्पा मधे, डावीकडं मी, उजवीकडं आई. समोर करडं पाणी. आई म्हणाली, "हितं काय न्हाई बघायला." आणि मग गप्प बसली.

 मग अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, आणि माझ्या मांडीवर पसरला. समुद्राकडंच बघत म्हणाले, "नंदे, हात दे."

बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. भोवती बघ्यांची गर्दी असते, दहा जण दहा सल्ले देतात, आणि चार लोकांत एकदा बोललेला आकडा माणसाला मागं घेता येत नाही. म्हणून दलाल विकणाऱ्याचा हात टॉवेलाखाली धरतो. जितकी बोटं दाबली तितका आकडा. मग तो घेणाऱ्याकडं जातो, त्याचा हात धरतो. एकाचा आकडा दुसऱ्याला कळत नाही. दलाल दोघांमधे फेऱ्या मारत राहतो, एकाला जरा खाली आणतो, दुसऱ्याला जरा वर, आणि जुळलं की टॉवेल उचलतो. पैसाही त्याच्याच हातून जातो. मधे काही उरलं तर ते त्याचं, आणि कमी पडलं तर तेही त्याचंच. टॉवेल उचलल्यावर तो आकडा पुन्हा कुणी उच्चारायचा नाही, हा सगळ्यात मोठा नेम. उच्चारला तर दलालाच्या तोंडात मारल्यासारखं होतं.

लहानपणी बैलगाडीच्या साटीवर बसून मी हे शंभरदा बघितलं होतं. पण तो हात कधी माझा नव्हता. "वर्सं," अप्पा हळूच म्हणाले. मी त्यांचा हात चाचपला. त्याला घट्टे पडलेले, बोटं जाड. मी चार बोटं दाबली.

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी टॉवेलाचं दुसरं टोक आईच्या मांडीवर सरकवलं आणि उजवा हात त्याखाली घातला. आई पाण्याकडं बघत होती. तिनं काय दाबलं ते मला दिसलं नाही, दिसायचंही नव्हतं, पण ते एकच बोट असणार, हे मला तिच्या मानेवरून कळलं. अप्पांचा डावा हात परत आला. त्यांनी माझी दोन बोटं दाबली. मी चार दिली. ते तिकडं गेले. परत आले. मी चारच दिली. एक बाई कुत्रं घेऊन समोरून गेली आणि आमच्याकडं बघून हसली. तिला वाटलं असेल, थंडी वाजते म्हणून म्हातारा बायकोलेकीला टॉवेल पांघरून बसलाय.

किती फेऱ्या झाल्या मला माहीत नाही. मधे एकदा आईनं हात ओढून घेतला. अप्पा नुसता टॉवेलाखाली पंजा उघडा ठेवून बसून राहिले. गिऱ्हाईक उठून गेलं तरी असेच बसायचे ते बाजारात. थोड्या वेळानं आईचा हात परत आला. शेवटी त्यांनी माझं करंगळीचं बोट अलगद दुमडलं आणि उरलेली तीन धरून ठेवली. जोर नव्हता त्यात. मी ते बोट पुन्हा उघडू शकले असते. मला म्हणता आलं असतं की तीन वर्षांत नाही होत हो अप्पा. पण मी तीन बोटं दाबली. ते आईकडं वळले, आणि या वेळी फार वेळ लागला. मग त्यांनी टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "झालं."

आईनं पदरानं डोळे पुसले. "वारं लई हाय," म्हणाली. मला तेव्हा काय वाटलं ते आजही आठवतं. एकावरून तीनवर आली माझी आई, माझ्यासाठी, हे माझ्या मनात आलं आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

पुढची तीन वर्षं मी अक्षरशः धापा टाकत काढली. बाई म्हणायच्या, अजून एक वर्ष घे, काम चांगलं होईल, कुणाला घाई आहे? मी म्हणायची, घरी शब्द दिलाय. कसला शब्द, काही लिहून दिलंय का, त्या विचारायच्या. आता त्या बाईला मी टॉवेल कसा समजावू? तोवर आमच्याकडं घरात फोन आला होता. आई विचारायची, "कवा येतीस?" मी म्हणायची, "ठरल्याप्रमाणं येणार की." पलीकडं जरा शांतता पसरायची. मग "बरं," म्हणायची. आणि लगेच अप्पा फोन घेऊन, बिल लई येतंय म्हणत ठेवून द्यायचे. शेवटच्या वर्षी तर ते मला आईशी धड बोलूच देत नव्हते. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस चिकट होतो.

तीन वर्षं भरली आणि मी जूनमध्ये परत आले. दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. "आलीस?" म्हणाली. मी म्हटलं, "आले की. ठरल्याप्रमाणं." तिनं माझ्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या अप्पांकडं बघितलं. "जेव," एवढंच म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस ती अप्पांशी नीट बोलत नव्हती. मी विचारलं नाही. आमच्या घरात त्या दोघांचं असं अधूनमधून चालतंच.

यंदा खिद्रापूरचं देऊळ बघून आम्ही नदीच्या पायऱ्यांवर बसलो. मामीनं डबे सोडले. दगडातले हत्ती बघून अप्पा खूश होते, त्यांच्या मते हत्तींचे पाय मापात होते. पूजानं पाण्याकडं बघत एकदाचं सांगून टाकलं, की दोन वर्षं तर नक्की लागतील. मामीचा घास हातात राहिला आणि ती रडायला लागली. "दोन वर्सं! वन्सं, तुमी कशी काढली ओ?"

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "दोनावर मन घट्ट करू नका, वैनी. दोन म्हणत्यात आणि तीन लावत्यात. माझीनं तेच केलं."

मी म्हटलं, "आई, मी कुठं दोन म्हटलं? तीन ठरली होती."

"दोन."

"तीन. अप्पांनी माझी तीन बोटं धरली होती."

"माझी दोन धरली हुती," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत आकडा पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडला होता. आम्ही दोघींनी अप्पांकडं बघितलं. ते भाकरीचा तुकडा मोडत होते.

"मला काय ध्यानात न्हाई आता," ते म्हणाले. तीस वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाच्या कपाळावरचा भोवरा ज्यांच्या ध्यानात आहे, ते हे म्हणत होते.

"अप्पा."

"मग काय करू?" ते एकदम चिडून म्हणाले. "ही दोनच्या वर चढंना, तू तीनच्या खाली उतरंना. दुसऱ्या दिशी इमान गाठायचं. सौदा मोडून घरी येऊ? मधलं एक वरीस घेतलं माझ्या अंगावर. दलालाचं असतंय त्ये."

पूजा नुसती बघत होती. मामीचं रडणं थांबलं होतं. मी हिशेब लावत होते. ते तिसरं वर्ष. दुसरं वर्ष संपून जून आला असेल, आई रोज दाराकडं बघत असेल, आणि मी तिकडं निर्धास्त माती चाळत बसलेली. "मग त्या वर्षी तुम्ही आईला काय सांगितलंत?" मी विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "बर्फ. तिकडं लई बर्फ पडलाय म्हणायचं. कॉलेज बंद हाय, परीक्षा फुडं गेलीया, इमानं उडंनात. जूनमधी म्हणायचं, श्रावणात म्हणायचं, दिवाळीलाबी म्हणायचं. रोज काय ना काय नवीन. दुकानात जाऊन कुणाकुणाला इचारून यायचं, आणि मला येऊन सांगायचं."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"जूनमधी बर्फ?" आई म्हणाली. "मी सोता जाऊन आलतो की तिथं जूनमधी."

 "मग तू त्यांना म्हणाली का नाहीस? मला फोनवर का नाही विचारलंस? एक शब्द बोलली असतीस तर मी आले असते."

"म्हणून तर न्हाई बोललो," आई म्हणाली. तिनं अप्पांच्या पानात आणखी एक भाकरी टाकली. "आणि ह्येंना काय म्हणू? जन्मात कधी लबाड बोलला न्हाई ह्यो माणूस. तुझ्यापायी एवढ्या कष्टानं बोलत हुता. त्ये वाया घालवू व्हय?"

अप्पा खाली मान घालून जेवत होते. त्यांना हे आताच कळत होतं. त्यांचा हात मधेच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला राग आला. एक वर्ष दोघांनी एकाच छपराखाली, एकमेकांपासून लपवत माझ्यासाठी काढलं, आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नाही, याचा राग. तो अजून उतरलेला नाही, आणि आता तो उतरावा असं मला वाटतही नाही.